मिठाचा खडा

शिंचूत वाऱ्याला सुट्टी नसते.
नववा चांद्रमास लागला की तो आणखीच चेकाळतो,
उभ्या स्कूटर आडव्या करतो, पत्रे वाजवतो
आणि शिनपूच्या अंगणांत
सोललेली पर्सिमनं चाळण्यांवर सुकवत बसतो.

फान त्साय-वेईला वारा नको.
तिला हवा मोजून दिलेला श्वास:
मिनिटाला सत्तर घन सेंटिमीटर अरगॉन,
क्वार्ट्झच्या नळीतून, भट्टीच्या पोटातून.
वरच्या अंगाला गंधक, पिवळं, उतावळं.
मधोमध चिनीमातीच्या होडीत
चिमूटभर मॉलिब्डेनमची भुकटी,
तिच्यावर पालथी निजलेली जांभळट चकती.

साडेसातशे अंशांवर
दोन वाफा एकमेकींना ओळखतात
आणि चकतीवर पापुद्रा धरतो.
कांद्याचा पापुद्रा याच्यापुढे भिंत.
गंधक, मॉलिब्डेनम, गंधक,
संपलं.
याहून पातळ करू गेलं तर
तो पदार्थच उरत नाही.
वीज जाऊ दे, वीज थांबव,
एवढं एकच काम त्याने शिकायचं,
तेही तीन अणूंच्या अंगावर.

ऑगस्टमध्ये नळीला तडा गेला.
जुनी होती, आतून धुरकटलेली,
तिच्याआधी तिघांच्या हाताखालून गेलेली.
नवी आली. लख्ख.
आणि पापुद्रा धरेना.

अकरा आठवडे.
ती हात धुऊन मागे लागली, अगदी शब्दशः:
होडी धुतली, चकत्या धुतल्या,
चिमटे उकळले, हातमोजे दर तासाला बदलले.
प्राध्यापक शू म्हणाले, अजून स्वच्छता हवी.
सूक्ष्मदर्शकाखाली रोज तेच,
कुणी राख फुंकल्यासारखे ठिपके.
वहीत: दोनशे सात, काही नाही.
दोनशे आठ, काही नाही.
दोनशे नऊपासून नुसती आडवी रेघ.

रविवारी घरी गेली.
बाप फळं उलटत होता, एकेक, दोन बोटांनी.
तिच्या केसांचा वास घेऊन हसला फान मू-शंग:
“आम्हीही द्यायचो गंधकाची धुरी, रंग टिकायचा.
तू काय करतेस, सुकवतेस की पिकवतेस?”
तिला उत्तर सुचलं नाही.
दोघांनी मिळून तिसरी चाळणी उलटली.

जुन्या नळीचा तुकडा
तिने फेकला नव्हता, त्यात पेनं ठेवत असे.
एका रात्री, झोप येत नव्हती म्हणूनच खरं तर,
पेनं ओतली, आतला पांढुरका थर खरवडला
आणि तारेच्या टोकावर घेऊन ज्योतीत धरला.
ज्योत पिवळीधमक झाली.

सोडियम.
तिघांपैकी कुणीतरी कधीतरी
मीठ वापरून पाहिलं होतं
आणि कुठेच लिहिलं नव्हतं.
नळीने तेवढं लक्षात ठेवलं.
सहा वर्षं रोज थोडं थोडं देत राहिली,
आणि श्रेय घेत राहिल्या वहीतल्या आकृत्या.

दुधात मिठाचा खडा पडला की दूध नासतं.
इथे दोन मिलिग्रॅम मीठ पडलं
आणि साय धरली.

पहाटे पावणेचार.
भिंगाखाली त्रिकोण,
निळसर, धारदार, शेजारी शेजारी,
काही ठिकाणी कडा एकमेकींत मिसळून गेलेल्या.
एक मोठा त्रिकोण कोपऱ्यात मोडका होता.
ती त्याच्याकडेच जास्त वेळ बघत बसली.
खिडकीच्या काचा थडथडत होत्या.
तिने भिंगापासून तोंड बाजूला नेलं
आणि मगच श्वास सोडला.

वहीत लिहिलं: दोनशे एकतीस. मीठ.
समासात, बारीक अक्षरात: हे माझं नाही.

मग बापाला निरोप धाडला, एकच शब्द:
पिकवते.

तो उठलेलाच होता. लगेच उत्तर आलं:
उतरवायला माणसं लागतील का?

ती हसली, मग गप्प झाली.
चकतीला घट्ट चिकटलेला तो पापुद्रा
न फाटता, न चुरगळता
उतरवायचा कसा,
हे अजून कुणाला नीट येत नव्हतं.